रंग उतरेल तेव्हाची भुवई

खराडी बायपासच्या चौकातून ईऑन आयटी पार्ककडे वळलं की दुकानांच्या पाट्यांमध्ये सलोन, स्किन क्लिनिक आणि टॅटू स्टुडिओ यांची सरमिसळ दिसू लागते. खराडी गाव १९९७ साली पुणे महापालिकेत आलं. मुळा-मुठेच्या काठची शेती मागे सरली, आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांच्यासोबत पंचविशी-तिशीतला नोकरदार वर्ग आला. सकाळची कॅब, दिवसभर कॅमेऱ्यासमोर मीटिंगा, स्क्रीनवर सतत दिसणारा स्वतःचाच चेहरा. पेन्सिलने रोज भुवई रेखण्याचा व्याप एकदाच संपवून टाकावा असं इथे एखादीला वाटलं तर नवल नाही. लग्नसराई जवळ आली की मग ‘पर्मनंट आयब्रो’ची चौकशी सुरू होते.

ही चौकशी साधारणपणे तीन प्रश्नांची असते. किती पैसे, किती दुखतं, किती टिकतं? तिन्ही रास्त आहेत. पण निर्णय घ्यायचा तो चौथ्या प्रश्नावर, आणि तो सहसा कुणी विचारत नाही : तीन वर्षांनी, रंग निम्मा उतरलेला असताना, ही भुवई कशी दिसेल? सलोनच्या फोनवर दाखवले जाणारे फोटो बहुतेक काम संपल्या संपल्या काढलेले असतात. त्या घटकेला जवळपास प्रत्येकीची भुवई देखणी दिसते, त्यामुळे त्या फोटोंवरून कारागिराची पारख होत नाही.

सुईने कातडीत रंग घालणं महाराष्ट्राला नवीन नाही. जत्रेत, आठवडी बाजारात गोंदणाऱ्या बायका बसत; कपाळावर, हनुवटीवर, हातांवर ठिपके, तुळस, नाहीतर नवऱ्याचं नाव गोंदून देत. रंग म्हणून दिव्याची काजळी. आज ऐंशीच्या घरात असलेल्या एखाद्या आजीच्या कपाळावरचं गोंदण नीट पाहा. काजळी काळीकुट्ट असते, गोंदण मात्र हिरवट-निळं दिसतं. यात काजळीचा रंग बदललेला नसतो. प्रकाशातला निळा भाग कातडीत शिरता शिरताच विखुरतो आणि आपल्या डोळ्यांकडे परततो. तांबडा भाग खोलवर जातो आणि तिथली काजळी तो गिळून टाकते. म्हणून काळा कण जितका खोल, तितका तो निळा भासतो. दोन वर्षांपूर्वी तपकिरी करून घेतलेली भुवई आज राखाडी-निळी का दिसते, याचं अर्धं उत्तर आजीच्या कपाळावर आहे.

उरलेलं अर्धं उत्तर रंगाच्या बाटलीत असतं. भुवईसाठीचा तपकिरी रंग हे मिश्रण असतं. त्यात काळा, लाल आणि पिवळा घटक असतो, रंग फिका करायचा तर टायटॅनियम डायऑक्साइड नावाचा पांढराही. काळा घटक एकतर कार्बनचा, म्हणजे मूळची काजळीच, किंवा लोहाच्या ऑक्साइडचा. लाल-पिवळे घटक कधी लोहाचे, कधी सेंद्रिय रसायनांचे. हे सगळे एका वेगाने उतरत नाहीत, आणि गोम इथेच आहे. सेंद्रिय लाल-पिवळे उन्हाने लवकर तुटतात. कार्बन चिवट, तो मागे राहतो आणि भुवई करडी पडते. लोहाच्या मिश्रणात बहुधा उलट होतं, काळा आधी फिका पडतो आणि भुवईला विटकरी झाक येते. म्हणून ‘रंग कुठला वापरता’ एवढं विचारून भागत नाही. बाटलीवरची घटकांची यादी पाहायला मागावी, आणि आपल्यासारख्याच वर्णाच्या कुणाचा तरी वर्षभरानंतरचा फोटो. हाताखालून बरंच काम गेलेल्या कारागिराकडे असे फोटो असतात. नसतील तर पुढची पायरी चढू नये, असं माझं मत आहे.

रंग कातडीत टिकतो कसा, हेही पाहण्याजोगं आहे. त्वचेचा वरचा थर साधारण महिन्याभरात नवा होतो, तिथे पडलेला रंग खपलीबरोबर निघून जातो. त्याखालच्या थरात शरीराच्या रक्षक पेशी रंगाचे कण परके समजून गिळतात; ते पचवता येत नाहीत म्हणून पोटात धरून बसतात. ती पेशी मेली की कण मोकळे होतात आणि शेजारची नवी पेशी ते पुन्हा गिळते. हा खो-खो फ्रान्समधल्या मार्से इथल्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली उंदरांवर दाखवून दिला. काही कण लसीका ग्रंथींपर्यंतही पोचतात. त्यामुळे ‘वर्ष-दीड वर्षात आपोआप पूर्ण जातं’ हे आश्वासन अर्धवट खरं आहे. रंग फिका पडतो हे नक्की, पण सावली पुष्कळदा राहते आणि ती किती राहील हे आधी सांगता येत नाही.

पद्धतींबद्दल थोडक्यात. मायक्रोब्लेडिंगमध्ये बारीक सुयांची एक ओळ बसवलेल्या हत्याराने हाताने केसासारख्या रेघा ओढतात. पावडर किंवा ओम्ब्रे ब्रोमध्ये यंत्राने बारीक ठिपके भरतात, पावडर फिरवल्यासारखा परिणाम दिसतो. नॅनो ब्रोमध्ये रेघाच, पण यंत्राच्या एकाच सुईने. कोरड्या, बारीक रंध्रांच्या त्वचेवर रेघा स्वच्छ राहतात. तेलकट त्वचेत त्या काही महिन्यांत पसरून एकमेकींत मिसळतात. कपाळ दुपारपर्यंत चमकायला लागत असेल, तर रेघांचा मोह सोडून ठिपक्यांची पद्धत निवडलेली बरी.

आता ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जातं ती. भुवई विरळ का झाली?

वर्षानुवर्षं थ्रेडिंग करताना रेषा थोडी थोडी वर सरकत गेली आणि केसांची मुळंच दमली, हे कारण पुष्कळांच्या बाबतीत असतं. नव्वदच्या दशकात धाग्यासारख्या बारीक भुवयांची फॅशन होती, त्या पिढीतल्या अनेकींचे केस नंतर परतलेच नाहीत. पण भुवईचे केस जाणं हे आजाराचंही लक्षण असू शकतं. थायरॉईडचं काम मंदावलं की भुवईचा बाहेरचा तिसरा हिस्सा विरळ होतो. साध्या रक्ततपासणीत ते कळतं आणि उपचारांनी केस परत येऊ शकतात. चाई लागली की भुवईत गोल टक्कल पडतं. पाळी संपण्याच्या वयात कपाळावरची केसांची रेषा मागे सरकत असेल आणि सोबत भुवयाही जात असतील, तर तो मुळांवर व्रण उठवणारा आजार असू शकतो. तिथे उपचाराला उशीर झाला तर गेलेलं परत येत नाही. आणि कुष्ठरोगाच्या एका प्रकारात भुवया बाहेरच्या बाजूने गळू लागतात. कुष्ठरोग संपला असा शहरातला समज असला तरी तो संपलेला नाही. मात्र वेळेवर औषधं घेतली तर तो पूर्ण बरा होतो आणि ती औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. यातली कुठलीही खूण रंगाखाली झाकून टाकणं म्हणजे निदान पुढे ढकलणं. भुवई विरळ होण्याला सरळ कारण दिसत नसेल, तर सलोनच्या आधी त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. खराडी-विमाननगर भागात खाजगी दवाखान्यांची वाण नाही. खर्च परवडत नसेल तर ससून रुग्णालयात त्वचारोग विभाग आहेच.

काही जणींनी सुईपासून दूर राहिलेलंच बरं, किंवा निदान डॉक्टरांच्या संमतीशिवाय पुढे जाऊ नये. कोड असलेल्यांना हे विशेष सांगायला हवं. कोड, सोरायसिस आणि लायकेन प्लेनस या आजारांत त्वचेला जिथे जखम होते तिथे नवा डाग उमटण्याची प्रवृत्ती असते, आणि भुवईचं काम म्हणजे शेकडो बारीक जखमा. जखमेचा व्रण फुगून गाठीसारखा वाढत असेल, मधुमेह आटोक्यात नसेल, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच संपल्या असतील, तर थांबावं. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना हे काम करूच नये. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर भुवईपायी त्या परस्पर बंद करू नयेत. रक्तस्राव परवडेल, मेंदूतली गुठळी परवडणार नाही. केमोथेरपीत भुवया जाणार म्हणून आधीच काम करून घ्यायची कल्पना अनेकींना दिलासा देते आणि ती वाईटही नाही, पण तारीख कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावी, कारण मध्येच पांढऱ्या पेशी घटल्या की साधी खपलीसुद्धा चिघळते.

ॲलर्जीचा अंदाज घ्यायला कानामागे ठिपकाभर रंग लावून पाहतात. ही चाचणी करून घ्यावी, पण तिच्यावर विसंबून राहू नये. रंगाची ॲलर्जी कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी उद्भवते. अमेरिकेत २००३-०४ च्या सुमारास प्रीमियर पिगमेंट्स या नावाने विकल्या जाणाऱ्या पर्मनंट मेकअपच्या रंगांबद्दल तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे दीडशेहून अधिक तक्रारी आल्या होत्या : सूज, भेगा, फोड, गाठी, व्रण. युरोपीय संघाने ४ जानेवारी २०२२ पासून टॅटू आणि पर्मनंट मेकअपच्या रंगांतल्या हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या. आपल्याकडे १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातली सौंदर्यप्रसाधनाची व्याख्या बरीच ऐसपैस आहे. रूप खुलवण्यासाठी अंगाला चोळायच्या, फवारायच्या वस्तूंबरोबर शरीराच्या आत घालायच्या वस्तूही तिच्यात येतात. परदेशी सौंदर्यप्रसाधन भारतात विकायचं तर त्याची केंद्र सरकारकडे नोंदणी लागते आणि वेष्टनावर आयातदाराचं नाव व नोंदणी क्रमांक असावा लागतो. बाटलीवर फक्त परदेशी लिपी असेल, आयातदाराचा पत्ता नसेल, बॅच आणि मुदतीची तारीख खरवडलेली असेल, तर दुकान कितीही झगमगीत असो, बाहेर पडावं.

स्वच्छतेच्या बाबतीत सुई नवी आहे ना, एवढं बहुतेक जणी बघतात. सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडलं जावं, वापरलेली सुई टोचणार नाही अशा जाड डब्यात जावी, हातमोजे मध्येच फोन उचलल्यावर बदलले जावेत, हे सगळं बरोबरच. हेपॅटायटिस बीची लस आपण घेतलेली असेल तर उत्तम, काम करणारीने ती घेतलेली असलीच पाहिजे. पण दुर्लक्ष होतं ते पाण्याकडे. स्वित्झर्लंडमध्ये २००९ साली एकाच कारागिराकडे भुवया करून घेतलेल्या १२ जणांना मायकोबॅक्टेरियम हिमोफिलम या जंतूचा संसर्ग झाला. हा क्षयाच्या जंतूचा दूरचा भाऊबंद. भुवयांवर पुरळ आलं, कानासमोरच्या ग्रंथी सुजल्या, अनेक प्रतिजैविकं एकत्र द्यावी लागली आणि बऱ्याच जणांवर शस्त्रक्रियाही झाली. या कुळातले जंतू नळाच्या पाण्यात, पाइपात, टाकीत सुखाने राहतात. खराडीतल्या कित्येक सोसायट्यांत आणि दुकानांत टँकरचं नाहीतर बोअरचं पाणी असतं. फिल्टरमधून आलेलं पाणी स्वच्छ दिसलं तरी निर्जंतुक नसतं. रंग पातळ करायला, भुवई पुसायला कुठलं पाणी वापरता, हे सरळ विचारावं. उत्तर ‘बंद कुपीतलं निर्जंतुक सलाइन’ असंच यायला हवं. काम झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी भुवईवर न दुखणाऱ्या पुळ्या उठल्या तर मुरूम समजून मलम चोळत बसू नये. हे जंतू सावकाश वाढतात आणि त्यांची औषधंही वेगळी असतात.

बधिर करण्याच्या मलमाबद्दलही दोन शब्द. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्या मलमात लिडोकेन आणि प्रायलोकेन प्रत्येकी अडीच टक्के असतात. टॅटूसाठी म्हणून ऑनलाइन मिळणाऱ्या काही ट्यूबांत याहून बरंच तीव्र औषध असतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२४ मध्ये चार टक्क्यांहून जास्त लिडोकेन असलेल्या अशा उत्पादनांपासून लोकांना सावध केलं. जास्त औषध रक्तात उतरलं तर झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. शिवाय हे मलम अल्कधर्मी असतं, डोळ्यात ओघळलं तर बुबुळ भाजतं. एरवी डोळ्यात काही गेलं की लगेच चुरचुरतं आणि आपण धुतो. इथे डोळाही बधिर होत असल्याने कळत नाही. मलम लावून झोपवून ठेवलेल्या बाईजवळ सतत कुणीतरी हवंच.

काम झाल्यावरचा पहिला आठवडा मनस्ताप देणारा असतो, हे आधी माहीत असलं की घाबरगुंडी उडत नाही. पहिले दोन-तीन दिवस भुवया नको इतक्या गडद दिसतात, नाटकातल्या खलनायकासारख्या. मग बारीक खपल्या धरतात आणि आठ-दहा दिवसांत पडतात. खपल्या पडल्यावर रंग गायब झाल्यासारखा वाटतो, पैसे बुडाले असं मनात येतं; चार आठवड्यांत तो पुन्हा वर येतो. दुसरा हात, म्हणजे टच-अप, त्यानंतरच, साधारण सहा आठवड्यांनी. लग्नाच्या तारखेपासून उलटं मोजलं तर पहिली बैठक निदान दोन-अडीच महिने आधी हवी. हळदीच्या आदल्या आठवड्यात तर मुळीच नको, ओल्या जखमेवर हळद-तेल चोळणं कुणालाच मानवणार नाही.

खराडीत राहणाऱ्यांचे काही खास घोळ आहेत. नगर रोडची धूळ आणि स्कूटरवरचं हेल्मेट : हेल्मेटचं अस्तर नेमकं भुवईवर घासतं आणि त्यात जुना घाम मुरलेला असतो. हेल्मेट टाळणं हा उपाय नव्हे. आठवडाभर स्कूटर टाळावी, कॅब किंवा बस धरावी. सोसायटीचा पोहण्याचा तलाव आणि जिम दोन आठवडे बंद. घाम ताज्या रंगाला वर ढकलतो. त्यामुळे एप्रिल-मेपेक्षा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा, होळी मात्र सांभाळावी. पुढे रंग टिकवायचा तर भुवईवर सनस्क्रीन लावावं, आणि रेटिनॉल किंवा ग्लायकोलिक ॲसिडची क्रीम कपाळाला लावताना भुवई वगळावी. ती त्वचेचा वरचा थर झपाट्याने झडवतात.

दोन बारीक गोष्टी, ज्या नंतर अचानक समोर येतात. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०१७ च्या निकषांप्रमाणे टॅटू केल्यावर १२ महिने रक्तदान करता येत नाही, आणि भुवईचं हे काम त्यातच मोडतं. कंपनीतल्या शिबिरात नाव देताना लक्षात ठेवावं. दुसरी, एमआरआय. रंगातल्या लोहामुळे तिथे चुणचुण किंवा किंचित सूज आल्याच्या नोंदी आहेत, पण त्या विरळा. लंडनमध्ये टॅटू असलेल्या ३३० जणांचं निरीक्षण करून २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले; रंगाशी नातं सांगावं अशी सौम्य तक्रार एकाचीच निघाली. तेव्हा तपासणी टाळू नये, तंत्रज्ञाला सांगून ठेवावं.

मनासारखं झालं नाही तर लेझर आहे, असं सहज सांगितलं जातं. लेझरने काळा कार्बन चांगला फुटतो. पण फिकट तपकिरी, त्वचेच्या रंगाच्या किंवा पांढरा मिसळलेल्या रंगावर लेझर पडला की त्यातल्या लोहाचं आणि टायटॅनियमचं रासायनिक रूप पालटतं आणि तो रंग तिथल्या तिथे काळाठिक्कर पडू शकतो. वाकडी तपकिरी भुवई सरळ करायला जावं आणि वाकडी काळी घेऊन यावं, अशी गत. म्हणून जाणता त्वचारोगतज्ज्ञ आधी भुवईच्या टोकाशी एका ठिपक्यावर लेझर टाकून पाहतो. आपल्या सावळ्या त्वचेवर लेझरनंतर काळे-पांढरे डाग पडण्याची भीती जास्त, त्यामुळे बैठका लांबलांबच्या अंतराने आणि जपून घ्याव्या लागतात. जुन्या रंगावर नवा रंग चढवून चूक झाकण्याचा सल्ला मिळाला तर आणखी विचार करावा. कण तितके वाढतात आणि पुढे काढायचं कामही.

आकाराचा निर्णय पडल्या पडल्या घेऊ नये. झोपलेल्या चेहऱ्याची ठेवण वेगळी असते. आखणी झाली की उठून बसावं, आरशात हसून, भुवया उंचावून पाहावं. बोटॉक्स घेत असाल तर आधी ते, त्याचा परिणाम स्थिरावल्यावर भुवई; उलटं केलं तर काढलेली कमान जागेवरून सरकते. सगळ्यात स्वस्त चाचणी पेन्सिलची : ठरवलेल्या आकाराचा फोटो घेऊन घरी यावं आणि आठवडाभर रोज तोच आकार रेखून ऑफिसला जावं. चौथ्या दिवशी थोडी बारीक हवी होती असं वाटलं, तर तेव्हा ती पुसता येते. आणि नेहमीच्या पसंतीपेक्षा एक छटा फिकी, थोडी अरुंद भुवई मागावी. पुढे भर घालता येते, कमी करता येत नाही.

पैसे देताना पक्कं बिल घ्यावं, त्यावर टच-अप धरलं आहे की नाही ते लिहून घ्यावं. रंगाच्या बाटलीच्या लेबलचा बॅच क्रमांकासह फोटो आपल्या फोनमध्ये ठेवावा. पुढे कधी ॲलर्जी झाली किंवा लेझरची वेळ आली, तर आत नेमकं काय आहे हे सांगणारा दुसरा कागद तुमच्याकडे नसतो. सलोनची सेवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते. तक्रारीची पाळी आलीच, तर दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असताना जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क भरावं लागत नाही, बिल आणि आधी-नंतरचे फोटो मात्र लागतात.